रबराच्या बाईचं बाळंतपण

दवाखान्यात नवा नियम लागला: गळ्यात कार्ड नसेल त्याने बाळंतपणाच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही. आत्यांकडे कार्ड नव्हतं. अर्धी वस्ती त्यांच्या हातावर जन्मलेली, पण ते काही कुणी लॅमिनेट करून दिलेलं नव्हतं.

एरवी आत्यांनी नियमाकडे ढुंकून पाहिलं नसतं. पण घरात सुनेचे दिवस भरत आले होते. रक्त कमी, दाब जास्त. हिचं बाळंतपण घरी करायला खुद्द आत्याच तयार नव्हत्या. सुनेने मात्र पाय रोवले. अख्खी वस्ती म्हणायची तशी तीही सासूला आत्याच म्हणायची.

"दवाखान्यात जाईन, पण आत्या आत असतील तरच. नाहीतर इथेच, माझ्या खोलीत, कडी लावून."

"कडी लावलीस तर मी तरी आत कशी येऊ गं?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

झालं. बासष्टाव्या वर्षी आत्या दवाखान्यातल्या सुइणींच्या सहा दिवसांच्या वर्गात जाऊन बसल्या. पास झाल्या तर कार्ड, नाहीतर सून कडीच्या आत.

सहाव्या दिवशी परीक्षा. टेबलावर रबराची बाई. कमरेपासून मांड्यांपर्यंतच होती. वर डोकं नाही, खाली पाय नाहीत, मधलं मात्र सगळं जागच्या जागी. पोटात रबराचं बाळ, बाजूला लाल पाण्याची पिशवी. सिस्टरने नळी सोडली की रक्त वाहायला लागणार. मोठ्या दवाखान्यातून आलेले परीक्षक बावीस मुद्द्यांचा तक्ता घेऊन उभे होते.

"करा सुरू," ते म्हणाले.

आत्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. रबराच्या बाईवर चादर ओढली. मग वळून म्हणाल्या, "पुरुषमाणसं बाहेर."

"अहो, मी परीक्षक आहे."

"असाल. ती बाळंत होतेय."

ह्या आवाजापुढे आजवर कुणाचा नवरा टिकला नव्हता, तिथे परीक्षक कुठले टिकायला. भानावर आले तेव्हा ते फाइलसकट व्हरांड्यात होते आणि आतून कडी लागली होती.

व्हरांड्यातल्या बाकावर दोन-तीन नवरे आपापल्या बायकांची वाट बघत बसले होते. आतून आत्यांचा आवाज येत होता, "घाई करू नकोस. कळ येऊ दे. हां, आता लाव जोर. शाब्बास गं बाई." परीक्षक दाराच्या फटीला डोळा लावायला गेले, तर एका जाड्या नवऱ्याने त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं.

"पहिलंच का?"

"माझं कुणी नाही आत."

"भांडण झालंय वाटतं," जाड्या शेजारच्याला म्हणाला आणि परीक्षकांच्या हातात चहाचा कप दिला. "होतं असं. बाळाला जवळ घेतलं की विसरतील वहिनी."

तेवढ्यात दार उघडलं. आत्यांनी फडक्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ परीक्षकांच्या हातात ठेवलं. "मुलगी आहे. मान सांभाळा."

परीक्षकांनी मान सांभाळली. जाड्याने वाकून बघितलं. रबराचा चेहरा बघून जरा चपापला, पण माणूस भला. "बापावर गेलीय," म्हणाला.

"वार पडली, पण तिच्या अंगावरून फार जातंय," आत्या म्हणाल्या. "सुई द्यायचीय. औषधांच्या पेटीला कुलूप आहे. किल्ली कुणाकडे?"

परीक्षकांचा चेहरा उतरला. कुणी आधीच पेटी उघडून बघू नये म्हणून किल्ली त्यांनीच खिशात टाकली होती. आता एका हातात बाळ, दुसऱ्यात चहा, काखेत फाइल.

"अहो काढा ना किल्ली, बायको जाईल तुमची," म्हणत जाड्याने सरळ त्यांच्या खिशात हात घातला.

सुई वेळेत टोचली गेली. सिस्टरने नळी बंद केली. परीक्षक तक्ता घेऊन आत आले.

"आत्या, बावीसपैकी एकही मुद्दा मी बघितलेला नाही. परत करावं लागेल."

"लगेच? तिला?"

"रबराची आहे हो ती."

"ते कळतं मला. चष्मा तुम्हाला लागलाय, मला नाही." आत्या हात पुसत राहिल्या. "साहेब, माझ्या हातून दोघी गेल्यात. मूल झालं, वार पडली, सगळं बरं, आणि मग जायला लागलं ते थांबलंच नाही. मी पोट चोळत बसले. तेव्हा माझ्याकडे ही सुई नव्हती. आज सुई होती, तर तिला कुलूप."

परीक्षकांनी पेन काढलं. मुद्दा पहिला: खोलीत अनावश्यक माणूस नाही. हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. टिक. मदतीसाठी हाक मारली. अख्ख्या व्हरांड्याने ऐकली होती. टिक. उरलेले मुद्दे त्यांनी एकेक करून विचारले, आत्यांनी काय केलं ते करून दाखवलं, सिस्टर मान डोलवत गेली. तक्त्याच्या तळाशी त्यांनी स्वतःच्या अक्षरात तेविसावा लिहिला: परीक्षकाने किल्ली खिशात ठेवू नये.

नऊ दिवसांनी सुनेला कळा सुरू झाल्या. आत्या कार्ड घालून तिच्या उशाशी उभ्या. डॉक्टर दारापर्यंत आले आणि आत्यांना बघून थबकले. व्हरांड्यातली गोष्ट त्यांच्याही कानावर गेली होती.

"मी येऊ ना आत?"

"या की, तुमचं काम आहे इथे," आत्या म्हणाल्या. "आधी ती पेटी उघडी आहे का बघा."

पेटी उघडी होती. सुनेने आत्यांचा हात घट्ट धरला. "लावू जोर?"

"घाई करू नकोस. कळ येऊ दे."