तीन कोपऱ्यांचं कार्ड

मी एक पोस्टकार्ड बोलतोय. छापखान्यातून निघालो तेव्हा मला चार कोपरे होते, आता तीनच आहेत. चौथा कसा गेला तेवढंच सांगायचं आहे.

साल बावन्न. आरमोरीच्या टपाल कचेरीतून आम्ही एक्केचाळीस भावंडं एका गठ्ठ्यात बाहेर पडलो. आम्हाला नेलं अयूब शिंप्यानं. जवळच्याच खेड्यात त्याचं मशीन होतं आणि गावात वळणदार अक्षर त्याचंच. तिथल्या मनकर्णाबाईचा एकुलता मुलगा लटारू सात महिने दूरच्या तुरुंगात होता. बांबू तोडणाऱ्यांना त्यानं मजुरीसाठी एकत्र केलं, एवढंच गावाला ठाऊक. आरोप नाही, खटला नाही. विचारायला गेलं की उत्तर एकच, खबरदारी म्हणून ठेवलाय.

मग गावानं ठरवलं, घरटी एक कार्ड सरकारला धाडायचं. चाळीस घरं, चाळीस कार्डं, मजकूर एकच : 'लटारूचा गुन्हा सांगा, नाहीतर त्याला सोडा.' धानाच्या रोवणीचे दिवस होते. बायका चिखलाचे हात लुगड्याला पुसून अंगठा उठवून जायच्या.

"अयूबभाऊ, सायेब लोकं वाचतीन का हे?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"कोनाले मालूम, बाई."

तिनं वरचं कार्ड उचललं आणि त्याचा कोपरा टर्रकन फाडला. आमच्या जातीत कोपरा फाटणं म्हणजे मरणाची खबर. तसं कार्ड दारात आलं की वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू होते.

अयूब दचकला. "असं अशुभ काऊन करता?"

"असं कार्ड दिसलं का माणूस हातचं काम टाकून वाचते. सायेबबी माणूसच हाय ना? आन् माह्या पोराले बिनगुन्ह्याचं कोंडून ठेवलं, त्याहून अशुभ काय राह्यलं?"

एक्केचाळिसावा मी, खास लटारूसाठी. माझ्यावर लिहिलं होतं, 'माय बरी आहे. गावानं सरकारला चाळीस कार्डं धाडली. धीर धर.' शाई वाळेपर्यंत अयूब गिऱ्हाइकाचं माप घ्यायला उठला. मनकर्णाबाईला अक्षरओळख नव्हती. एकामागून एक कोपरे फाडता फाडता तिनं माझाही फाडला. मला ओरडता आलं असतं तर! अयूबनंही न बघता सगळा गठ्ठा टपालपेटीत टाकला.

लटारू तापानं पडला होता तेव्हा मी त्याच्या हातात पोचलो. आधी त्यानं कोपरा पाहिला, मग अक्षरं.

"अरे, माय बरी हाय म्हणून लिवलं ना?" शेजारचा कैदी लालसू म्हणाला.

"कोंडलेल्या माणसाले खरं कोन लिवते?" लटारू म्हणाला. "कोपरा खोटं बोलत नाई."

महिन्याला एकच पत्र लिहायची मुभा होती आणि त्या महिन्याचं त्यानं आधीच लिहून टाकलं होतं. त्यानं डोकं भादरलं, जेवण सोडलं. ताप काही उतरला नाही. बाराव्या दिवशी तो गेला. मी त्याच्या उशाखालीच होतो. लाज वाटते सांगायला, पण त्याचा जीव तापानं नेला की मी, हे मला आजही सांगता येत नाही.

त्याचं धोतर, तांब्या आणि मी, असं गाठोडं घेऊन एक शिपाई गावात आला. सोबत सरकारी पत्र होतं. ते तिच्या हाती देऊन तो लगेच परतला. मनकर्णाबाईनं पत्राचे चारही कोपरे बोटांनी चाचपले आणि तिचा चेहरा उजळला. ती धावतच अयूबकडे गेली.

"कोपरे शाबूत हायत, भाऊ! सुटला वाटते लटारू. सामान पुढं धाडलं त्यानं. वाच ना!"

अयूबनं मनातल्या मनात वाचलं. मग पुन्हा वाचलं. शेवटी त्यानं त्या पत्राचा कोपरा फाडला आणि पत्र तिच्या हातावर ठेवलं.

महिन्यानं तिनं आणखी एक कार्ड लिहून घेतलं : 'लटारू मेला. आता तरी त्याचा गुन्हा सांगा.' त्याचा कोपरा फाडताना अयूबनं तिला अडवलं नाही.

मी तिच्या पत्र्याच्या डब्यात आहे, त्या सरकारी पत्राला चिकटून. माय रोज डबा उघडते, माझ्या फाटक्या कडेवरून बोट फिरवते आणि बंद करते. चाळीस कार्डांना उत्तर आलं नाही, नंतरच्यालाही नाही. तुमच्या टेबलावर असं एखादं कार्ड पडलं असेल, तर त्याचे कोपरे बघत बसू नका. वाचा, आणि त्या माणसाला मरायच्या आधी उत्तर द्या.