सड्यावर जायला निघालेली सायकल

मी एक जुनी गिरीसायकल आहे, आणि तीही विजेवर चालणारी. मित्रांनो, पर्वत जिंकण्यासाठीच माझा जन्म झाला आहे. निदान माझ्या खोक्यावर तसं छापलं होतं. प्रत्यक्षात मी आजवर एकही पर्वत पाहिलेला नाही. पाहिला तो भाट्याचा सडा, म्हणजे आमच्या वस्तीच्या डोक्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट रान. तोही मी जिंकला की नाही, याबद्दल घरात दोन मतं आहेत.

माझा सांगाडा लुधियानाचा, गिअर अठरा. २००६ साली पुण्यातल्या एका कारखान्यात माझ्या मागच्या चाकात मोटार बसवली आणि कॅरिअरवर तीन बॅटऱ्यांची पेटी ठेवली. तेव्हापासून मला एका जागी उभं राहवत नाही. अंगात वीज खेळू लागली की स्वस्थपणा जातो. पुढे मला पडवीतच उभं राहायचं होतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

मला विकत घेतलं हरिहर सरांनी. तीस वर्षं त्यांनी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. त्यांचा उजवा गुडघा त्यांच्या दोन वर्षं आधी निवृत्त झाला होता. सड्यावर त्यांची हापूसची बासष्ट कलमं होती. त्यांच्या वडिलांनी कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले, खालून टोपल्यांनी माती नेली आणि त्यांत ही कलमं लावली. वर जायला दोन वाटा. एक पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची उभी वाट, ती गुडघ्याने बंद केली होती. दुसरी वळणावळणाची चार किलोमीटरची सडक. स्कूटरवर सर एकदा बसले होते. त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही.

मी दसऱ्याला आले. उमाकाकूंनी मला ओवाळलं, हँडलला झेंडूची माळ घातली आणि सरांना शांतपणे सांगितलं, "अहो, संक्रांतीपर्यंत हिच्यावर बसून वर जाऊन दाखवा. नाहीतर बाग त्या आंब्याच्या व्यापारी केरूशेठना वर्षाच्या खंडाने देऊन टाकू. झाडं कोणाच्या गुडघ्यासाठी थांबत नाहीत."

"दाखवतो," सर म्हणाले. वडिलांची बाग दुसऱ्याच्या हाती जाणार, या विचाराने ते त्या दिवशी श्रीखंडसुद्धा दुसऱ्यांदा घ्यायला विसरले.

दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. पहिल्या वळणावर चढ लागला आणि माझं पुढचं चाक हवेत उचललं गेलं. तिन्ही बॅटऱ्या मागे, सरही मागेच, पुढे फक्त घंटा. सर उतरले आणि मला ढकलत सरळ मांडवीला, दादूच्या सायकल दुकानात घेऊन गेले. दादूने माझ्याभोवती एक फेरी मारली.

"सर, हिला पुढून वजन हवं."

"गुरुत्वमध्य पुढे आणायला हवा," सर म्हणाले.

"तेच ओ. मी मराठीत बोललो."

त्याने पुढे बास्केट बसवलं. सरांनी त्यात गडग्यातला, म्हणजे दगडी कुंपणातला, अर्धा चिरा ठेवला. आता मित्रांनो, विचार करा. जांभ्याचा सडा चढण्यासाठी मी जांभ्याचाच दगड घेऊन फिरू लागले.

पण सरांना चैन नव्हतं. दर आठवड्याला ते माझ्यात काहीतरी बदलत. आधी पुढे धक्के गिळणारा सस्पेन्शनचा फोर्क आला. मग त्यांनी वहीत दोन रकाने आखले, एका बाजूला साधे ब्रेक, दुसऱ्या बाजूला डिस्क ब्रेक, आणि नऊ दिवस गुण दिले. डिस्क ब्रेक अर्ध्या गुणाने जिंकले. मग जाड खाचांचे टायर. मग सीट रुंद. मग ती फारच रुंद वाटली म्हणून पुन्हा अरुंद. मी मात्र स्टँडवर तळमळत उभी. जिला धावायचं आहे तिचे रोज पाय बदलले तर ती धावणार कधी? बरं, धावायला निघालो तरी सर दीड किलोमीटर जात आणि एखादा बारीक आवाज ऐकून ढकलत परत येत. नवे ब्रेक झिजू नयेत म्हणून उतारावर तर ते मला हातातच धरून आणत.

त्या दिवसांत उमाकाकू रोज सकाळी कुठेतरी जात. परत आल्या की त्यांच्या पदराला औषधाचा वास येई. मला वाटे, दवाखाना. सरांना काहीच वाटत नसे, ते चेनला तेल घालत असत.

माझा खरा घात मात्र बॅटऱ्यांनी केला. त्यांतलं पाणी कमी झालं की डिस्टिल्ड वॉटर घालायचं असतं. दादूने बजावलंही होतं, "पंपावर बाटली मिळते. तेच घाला."

सरांना तो अपमान वाटला. "अरे, आमच्या विहिरीचं पाणी आहे. पंचवीस हात जांभ्यातून गाळून येतं. मुंबईचे पाहुणे जाताना कॅन भरून नेतात."

"पाहुण्यांना चालेल ओ. बॅटरीला नाय."

पण सर ऐकणारे नव्हते. त्यांचा विषय भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र दुसऱ्या सरांकडे होतं. दर रविवारी पूजा आटोपली की सर ताम्हनातली पळी घेऊन येत आणि तिन्ही बॅटऱ्यांच्या अठराही तोंडांत एकेक पळी विहिरीचं पाणी घालत. मी ते तीर्थासारखं घेतलं. दर रविवारी अंगातली वीज थोडी कमी होत गेली. मला बोलता आलं असतं तर मी दादूचं नाव घेतलं असतं.

सर वर पोचले नाहीत तर बाग घ्यायची, असं सरांशी ठरवून संक्रांतीच्या आदल्या दिवशी केरूशेठ कागद घेऊन सकाळी नऊला बागेत येणार होते. सर आठला निघाले. अंगात स्वेटर, खिशात पंप. पहिलं वळण मी चढले. मित्रांनो, तेवढा वेळ माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा. दुसऱ्या वळणावर मोटार घरघरली. तिसऱ्यावर ती गप्प झाली. सरांनी पॅडल मारून पाहिलं, मग गुडघ्याकडे पाहिलं आणि खाली उतरले.

पुढचे तीन किलोमीटर त्यांनी मला ढकललं. बॅटऱ्यांसकट आणि चिऱ्यासकट. चिरा काढून टाकावा हे त्यांना सुचलं नाही, आणि मला सांगता येईना.

आम्ही बागेच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. केरूशेठ कागदाची गुंडाळी हातात घेऊन कलमाखाली उभे होते. समोर उमाकाकू, पदर खोचून, पाठीवर फवारणीचा पंप.

"वहिनी, ठरलेलं होतं आपलं," केरूशेठ म्हणत होते.

"तुमचं आणि त्यांचं ठरलं असेल. दोन फवारण्या माझ्या हाताने झाल्यात, तिसरी चालू आहे. मोहोर बघा केवढा आलाय. आता कशाला देऊ?"

सर घामाघूम. "अगं, तू वर कधी आलीस?"

"आज का? नोव्हेंबरपासून रोज येतेय. पाखाडीने. वीस मिनिटं लागतात."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्ही ब्रेकला गुण देत होतात."

केरूशेठनी गुंडाळी पिशवीत टाकली. जाताना त्यांनी माझ्या बास्केटात डोकावून पाहिलं. "सर, वर चिऱ्यांचा तुटवडा आहे काय?"

सरांनी एकेका कलमापाशी जाऊन मोहोराला हात लावला. बासष्टही. मग काकूंच्या पाठीवरचा पंप काढून स्वतःच्या पाठीवर घेतला. चिरा मात्र कामी आला, औषधावरची ताडपत्री उडत होती, तिच्यावर काकूंनी तो ठेवला.

आता सरही पाखाडीने जातात. वाटेत दोनदा बसतात. मी पडवीत असते. मे महिन्यात माझ्या हँडलवर आंब्याच्या रिकाम्या करंड्या अडकवतात, सीटवर मांजर झोपतं. वारा आला की मागचं चाक अजून थोडं फिरतं, आणि मला वाटतं, निघायची वेळ झाली.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. यंत्राला तुमच्या विहिरीचा अभिमान पाजू नका, त्याला जे हवं ते द्या. आणि एखादी वस्तू निवडताना घरातलं माणूस सकाळी कुठे जातं, तेही एकदा विचारा.

माझ्या मीटरवर एकूण चौऱ्याण्णव किलोमीटर आहेत. त्यांतले एकाहत्तर ढकलत झालेले आहेत.