राखणीची जागा

समिधाने मोजफितीचं टोक सुलेमानच्या हातात दिलं.

"काका, त्या शेवग्यापाशी धरा. सैल सोडू नका."

सुलेमान कसला सैल सोडतोय! घरामागचा हा तुकडा त्याने मशिदीला द्यायचं ठरवलं, तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. शिळफाट्यावरची लाकडाची वखारसुद्धा त्याने नोकरावर टाकली होती. मशीद म्हणजे तरी काय, पत्र्याचं छप्पर आणि वजूला, नमाजाआधी हातपाय धुवायला, दोन नळ. पण कागदोपत्री जमीन राहण्यासाठी होती, प्रार्थनेसाठी नव्हती. ते बदलायचं तर नगररचना खात्याची परवानगी हवी, आणि त्यासाठीच ही तरुण अधिकारी उन्हात जागा बघायला आली होती.

हरकती आल्या होत्याच. गाड्या कुठे लावणार, भोंग्याचा त्रास होईल. हरकत घेणारे दोघे जण मोबाईल हातात घेऊन कुंपणाशी उभेही होते.

"याला उत्तरं आहेत," समिधा त्याला हळूच म्हणाली. "भोंगा लावणार नाही, हे तुम्ही लिहून दिलंयत. गाड्यांना समोर मोकळी जागा आहे. बहुतेक होऊन जाईल काका."

सुलेमानने मान हलवली आणि रस्त्याकडे पाहिलं. जुनी मशीद रस्त्यापलीकडे होती. मधून ट्रक, टेंपो, मुंबईच्या गाड्या अंगावर आल्यासारख्या जात. तीन वर्षांपूर्वी त्याचा मुलगा शोएब संध्याकाळच्या, मगरिबच्या नमाजाला म्हणून निघाला, तो रस्त्याच्या मधोमधच राहिला. या बाजूच्या कुठल्याही घरातल्या पोराला नमाजासाठी हा रस्ता ओलांडावा लागू नये, एवढंच सुलेमानला हवं होतं. पोरगा तर परत येणार नव्हता.

एवढ्यात बांधावरून नागू आला. कमरेला कोयता, पायांना माती. शेजारचं भातशेत त्याचं. लहानपणी तो आणि सुलेमान एकाच पाटात खेकडे धरायचे, आणि त्या संध्याकाळी शोएबला रस्त्यावरून उचलून आणलं तेही नागूनेच. पुढे कितीतरी दिवस त्याला जेवण गेलं नव्हतं.

"बाय, माजं बी जरा लिवून घ्या," तो समिधाला म्हणाला. "मी शेजारी. माजी काय बी हरकत नाय. आनि ही जागा काय आजची देवाची हाय व्हय? तो बगा, शेवग्याखाली धोंडा. आमच्या शेताचा राखनदार. लावनी झाली की दर साली आमी तितं राखन देतो. माज्या आज्यापासून. कोंबडा कापतो तो सुलेमानभाय. त्येच्याबिगर दुसऱ्या कुनाचा हात चालत नाय. इचारा त्येला."

"खरंय," सुलेमान म्हणाला. त्याला हसू आलं, आणि जरा अभिमानही वाटला. सुलेमान आपलं बिस्मिल्ला म्हणायचा, नागू आपलं गाऱ्हाणं घालायचा. त्यातलं कुठलं वर पोचतं याची चौकशी दोघांनी कधी केली नव्हती. कोंबड्याचे दोन वाटे होत आणि दोन्ही घरी रस्सा शिजे.

"मग? देवाच्या जागी देवाचं नाव घ्यायला बंदी कशाला?" नागूने जिंकल्यासारखं चौफेर पाहिलं.

समिधाचं पेन थांबलं होतं. कुंपणाशी उभ्या दोघांपैकी एकाने मोबाईल वर धरला.

"आजोबा, तुम्ही इथे पूजा करता? याच जमिनीत?" त्याने विचारलं.

"तर! दर साली," नागू छाती काढून म्हणाला.

आषाढात लावणी आटपली, तेव्हा समिधाने सुलेमानला कचेरीत बोलावून घेतलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. तेव्हाच तो काय ते समजला.

"दुसऱ्या समाजाची पूजा आधीपासून या जागेवर आहे, अशी हरकत आली काका. सोबत तुमच्या शेजाऱ्यांच्या बोलण्याचा तो व्हिडिओ. जागा वादातली ठरली. आता नाही होणार."

"पन वाद घालतंय कोन? तो नागू हाय, बाय."

"मला कळतंय," ती म्हणाली.

घरी त्याची बायको हमिदा दारातच उभी होती. त्याने सगळं सांगितलं. ती पदराने डोळे पुसत बसली.

"नागूभाऊला सांगनार?" तिने विचारलं.

सुलेमानने फळीवरची सुरी काढली आणि पायरीवर बसून धार लावू लागला. दुसऱ्या दिवशी राखण होती.

सकाळपासून आभाळ भरून होतं. नागूची बायको गौराबाई शेंदूर-नारळ मांडून गेली. नागू कोंबडा काखेत धरून धोंड्यापाशी उभा होता, पण परवानगीचं ऐकल्यापासून त्याचं लक्ष राखणीत नव्हतं.

"नाय म्हनले? आनि तू मला आज सांगतोस?" त्याचा आवाज चिरकला. "कुनी घात केला रं? नाव सांग नुसतं."

सुलेमानच्या तोंडापर्यंत शब्द आले होते. समोर नागूचे पांढरे झालेले केस, काखेत धडपडणारा कोंबडा. याच हातांनी त्याने शोएबला उचललं होतं.

"कुनास ठावूक," तो म्हणाला. "धर नीट."

बिस्मिल्ला झालं, गाऱ्हाणं झालं. या साली नागूने देवाजवळ पीकपाणी मागितलंच नाही. माझ्या भावाची मशीद होऊ दे, म्हणाला. सुलेमान सुरी गवताला पुसत राहिला. पुसून झाली तरी पुसतच राहिला.

"परत अर्ज कर तू," नागू म्हणाला. "या टायमाला मी सोता कचेरीत येतो. आपल्या राखनीचं पयल्यापास्नं नीट सांगतो. तवा घाईत सांगितलं ना, त्यांना उमगलं नसंल."

"ये," सुलेमान म्हणाला. "तूच सांग."

रस्त्यापलीकडच्या मशिदीतून बांग आली. सुलेमान गुडघ्यावर हात टेकून उठला, नळावर हातपाय धुऊन आला. तोवर नागू कोंबडा तसाच टाकून रस्त्याच्या कडेला पोचला होता. शोएब गेल्यापासून तो हे रोजच करायचा. दोन्ही हात वर करून तो भरधाव येणाऱ्या टेंपोसमोर उभा राहिला आणि मागे वळून ओरडला,

"चल रं सुलेमानभाय! मी हाय!"