पत्र्यावरची बाई

मी पत्र्याची पाटी बोलतेय. वसमतहून बाहेर पडणाऱ्या रस्त्याला हळदीची गोदामं आहेत. त्यातल्या एका गोदामाच्या फाटकातून आत आलं, की डाव्या हाताला एक छोटी खोली दिसते. तिच्या दाराशेजारच्या भिंतीवर मला ठोकलंय. येणारे-जाणारे मला देवी म्हणतात. मी देवी नाही. मी बायकांच्या संडासाची पाटी आहे.

हे ऐकून तुम्हाला राग आला असेल, तर थोडं थांबा. सगळं सांगते, मग काय ते ठरवा.

हंगामात या गोदामात बाया हळद निवडायला बसतात. त्यांच्यातली जुनी म्हणजे पद्माबाई. तिला मुतखड्याचा त्रास. डॉक्टर म्हणायचे, पाणी भरपूर प्या. पण पाणी प्यायलं की जायचं कुठं? भिंतीमागच्या वेड्या बाभळीत, आणि तिकडंच ट्रक भरणाऱ्या हमालांची वर्दळ. म्हणून ती घरून भरून आणलेली बाटली तशीच परत न्यायची आणि दुपारनंतर कंबर धरून बसायची. शेवटी ती गोदामाचा तरुण मालक विश्वजीत याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"भाऊ, तुमच्या हळदीला पत्र्याचं छप्पर हाय. आमाला आडोसाबी न्हाई."

विश्वजीत हसला, पण त्यानं खोली बांधून दिली. पाटीसाठी पत्रा आणि रंगही त्यानंच आणून दिला. हे लक्षात ठेवा.

मला रंगवलं ते ग्यानोबा पेंटरनं. दुकानांच्या पाट्या आणि ट्रकांचे नंबर रंगवणारा माणूस. त्यानं आधी दवाखान्यात असतं तसं चित्र काढलं. वर गोल डोकं, खाली त्रिकोण. बाया भोवती जमल्या. तारा नावाची एकजण म्हणाली, "दादा, ही घंटा कशाला टांगली हो इथं?" सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या.

पद्माबाई म्हणाली, आमच्यासारखी दिसणारी काढा. अक्षरं नकोत, निम्म्या जणींना वाचता येत नाही.

ग्यानोबानं त्रिकोण पुसला. हिरवं लुगडं नेसलेली, डोक्यावर पदर घेतलेली बाई काढली. 'इकडं या' असं सांगायला तिचा उजवा हात दाराच्या बाजूला उचलला. पण बोटं काढण्यात त्याचा हात बसलेला नव्हता. दाराकडं वळायचा तो पंजा सरळ समोर वळला. तेव्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

उभं राहून राहून मी रस्त्यावरच्या बाकीच्या खुणा वाचायला शिकले. समोर गतिरोधकाची पाटी आहे. तिच्यावर दोन उंचवटे काढलेत, जसा रस्ता तसं चित्र. ती माझ्या जातकुळीची. पलीकडं औषधाच्या दुकानावर हिरवं अधिकचं चिन्ह आहे. ते ना गोळीसारखं दिसतं ना बाटलीसारखं. सगळ्यांनी मिळून ठरवलं म्हणून त्याचा अर्थ औषध. आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडं पाटीच नाही. धूर दिसला की चहा उकळतोय हे कळतं. धूर कुणी काढलेला नसतो, ठरवलेलाही नसतो. आत चूल पेटलेली असते म्हणून तो निघतो.

या तीन तऱ्हांची गल्लत झाली आणि माझा घात झाला.

खोलीची पायरी उंच होती. उतरताना बाया आधारासाठी माझ्यावर हात टेकायच्या. दिवसभर हळद निवडून बोटं पिवळी झालेली. ती बोटं बरोबर चित्राच्या पायाशी उमटायची. हंगाम संपेपर्यंत माझे पाय पिवळेधमक झाले. मला त्याचा अभिमान होता. चुलीचा जसा धूर, तशी ती बोटं माझ्या कामाची खूण होती. त्या हंगामात पद्माबाई रिकामी बाटली घेऊन घरी जायची.

पावसाळ्यात निवडणं बंद झालं, बाया आपापल्या शेताच्या कामाला गेल्या. एक दिवस मिराबाई नावाची वाटसरू भुरभुर चुकवायला फाटकात उभी राहिली. तिला दिसला वर केलेला हात, डोक्यावरचा पदर आणि पायाशी वाहिलेली हळद. तिनं पिशवीतली डबी काढली, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि डोळे मिटले. तिचा दोष नाही. हळदीचा जो अर्थ तिला लहानपणापासून शिकवला होता, तोच तिनं लावला.

मग नारळ आला. हार आले, हिरव्या बांगड्या आल्या. आणि एक दिवस दाराला कुलूप आलं.

हंगाम सुरू होऊन बाया परतल्या, तेव्हा पद्माबाई कुलपाकडं बघतच राहिली. तिनं विश्वजीतला बोलावून विचारलं, हे काय करून ठेवलं?

"म्या कुटं केलं, काकू? लोकांनी केलं. आता देवीच्या पाठीमागं संडास ठिवू का?"

"देवी कुटली, भाऊ? रंग तुमीच आणून दिलता की."

विश्वजीत मोबाइलकडं बघू लागला. खोली आतून रिकाम्या पोत्यांनी भरलेली होती, हे मला माहीत होतं. संडासाची टाकी उपसायची कटकट गेली होती. मी कोण आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मिराबाई फसली, तो फसला नव्हता.

पद्माबाईनं ग्यानोबाला बोलावून आणलं. तोवर माणसं जमली होती. ती म्हणाली, दादा, तुमच्या हातचं काम हाय, तुमीच सांगा यांना. ग्यानोबा माझ्यासमोर आला. ज्या कपाळावर त्यानं कुंचला फिरवला होता, तिथलं कुंकू त्यानं पाहिलं, मागची गर्दी पाहिली. मला वाटलं, आता बोलेल. त्यानं पायांतल्या चपला काढल्या आणि हात जोडले.

"आता ती माझी न्हाई राहिली, पद्माबाई," तो हळूच म्हणाला.

ज्यानं मला घडवलं, त्यानंच मला नाकारलं. खिळे ठोकतानाही इतकं दुखलं नव्हतं.

पद्माबाई बौद्ध. देवीपुढं हात जोडणं तिच्या घरात नाही. पण ती पुढं आली, सकाळपासून हळदीत असलेला आपला पंजा तिनं माझ्या पायाशी उमटलेल्या जुन्या पंजावर ठेवला. बोटाला बोट जुळलं. "हे बगा," ती म्हणाली, "ही पूजा न्हाई. हा माझा हात हाय. मी इथनं उतरले, त्याची खूण हाय."

गर्दीतलं कुणीतरी समाधानानं म्हणालं, "बगा, पद्माबाईनंबी हळद वाहिली."

तिच्या मागं उभ्या बायांपैकी काहींनी हात जोडले. त्यात तारा होती. पद्माबाईनं तिच्याकडं पाहिलं, तशी ती म्हणाली, "अक्का, एवढे लोक म्हणून राहिलेत. उगं इटाळ नको."

पद्माबाईनं पंजा पदराला पुसला आणि कामाला जाऊन बसली. जाताना तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच पलीकडच्यांना जाऊन मिळाले होते. मला तोंड असतं तर तिथंच ओरडले असते.

आता माझ्यावर पत्र्याचं छप्पर घालायचं चाललंय. संध्याकाळी दिवा लागतो. पद्माबाईची बाटली पुन्हा भरलेली येते आणि भरलेलीच जाते. काल ती कंबर धरून माझ्याच पायरीवर बसली होती. लोकांना वाटलं, नवस बोलायला बसलीय.

या रस्त्यानं कधी आलात, तर माझ्या कपाळाकडं बघू नका, हाताकडंही बघू नका. भिंतीला वळसा घालून मागं जा. बाभळीत शिरणारी एक पाऊलवाट दिसेल, बायकांच्या चपलांनी तुडवलेली. ती कुणी रंगवलेली नाही, कुणी ठरवलेली नाही. ती नीट वाचा. आणि मग फाटकात येऊन, मला काही न वाहता, विश्वजीतकडं किल्ली मागा.