अर्धाच दिसणारा आरसा

जुन्या गाड्यांना बाहेरचे आरसे बसवण्यात मिस्त्रींचा हात धरणारा कोणी नव्हता. या गाड्या घडल्या तेव्हा रस्त्यावर वाहनं मोजकी. मागचं बघायचं तर माणूस खिडकीतून मान काढून बघायचा. आता तसं चालत नाही. पण अशा गाडीचा पत्रा पुन्हा मिळत नाही, भोक पडलं की पडलं. म्हणून कामाची एक रीत होती. गाडी चालवणाऱ्याला त्याच्या जागी बसवायचं, आपण बाहेरून आरसा बोट-बोट सरकवायचा, आतून "हं, इथे" असं आलं की खूण करायची, आणि मगच ड्रिल उचलायचं. ही रीत मिस्त्रींनी कितीतरी जणांकडून घोटून घेतली होती. मोडली मात्र स्वतःच.

गाडी होती शिवणकाम करणाऱ्या मावशींची. फिकट हिरवी, फुगीर मडगार्डांची, मावशींच्या वडिलांपासून घरात असलेली. मावशी सत्तरीच्या पुढच्या आणि उंचीने एवढ्याशा. सीट पार पुढे ओढून, खाली उशी घेऊन बसायच्या, तेव्हा कुठे त्यांना रस्ता दिसायचा. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, गाडी आपली आपणच चालली आहे. बहिणीकडे जा, गिऱ्हाइकांकडे कपडे पोचव, मनात येईल तिकडे वळ. गाडी म्हणजेच मावशींचे पाय होते. मुलाने मात्र बजावलं होतं, "आई, बाहेर आरसे बसले तर चालव. नाहीतर किल्ली माझ्याकडे."

त्या दिवशी मिस्त्रींच्या हाताशी आणखी दोन कामं होती. मावशींना बोलवा, बसवा, त्यांचं "जरा इकडे, नाही, जरा तिकडे" ऐका, यात अख्खी सकाळ गेली असती. मिस्त्रींनी सीट मागे ढकलली, उशी मागे टाकली आणि स्वतःच ऐसपैस बसले. दारावर चिकटपट्टीने आरसा लावून पाहिला. मागचा रस्ता लख्ख दिसत होता. त्यांनी खाली उतरून भोकं पाडली.

दुपारी मावशी मुलाला घेऊन आल्या. सीट पुढे घेतली, उशीवर बसल्या, आरशात पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"मिस्त्री, मला अर्धाच दिसतोय हो. मधे काळं काहीतरी येतंय."

"काळं? आत्ताच तर पुसलाय," मिस्त्री म्हणाले. मुलगा म्हणाला, "थांब, मी बघतो." तो मिस्त्रींइतकाच उंच. सीट मागे सारून बसला आणि म्हणाला, "स्वच्छ दिसतंय की!"

आणि मिस्त्री हसले. हसून म्हणाले, "मावशी, आरसा नवा आहे. जुने झालेत ते डोळे!"

मुलगाही हसला. मावशींनी आरशाच्या काचेवरून एकदा बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "असेल बाई. हल्ली सुईत दोरा ओवायलाही वेळ लागतो." त्यांनी पर्समधून किल्ली काढली आणि मुलाच्या हातावर ठेवली.

महिनाभराने मुलगा गाडी घेऊन आला. "जरा चकाचक करून द्या. परगावचा एकजण विकत घ्यायला तयार आहे. आई आता कुठे बाहेर पडतेय? डोळ्यांचं मनावरच घेतलंय तिने."

तो गेल्यावर मिस्त्रींनी सीटखालच्या रुळाला तेल दिलं आणि आत बसून सीट पुढे-मागे करून पाहिली. पुढच्या टोकाला जाऊन ती अडकली. गुडघे स्टिअरिंगला टेकले, मान वाकली, अगदी कोणी मागून ढकलल्यासारखे ते पुढे दाबले गेले. त्या अवघडल्या अवस्थेत त्यांची नजर दारावरच्या आरशाकडे गेली.

आरसा अर्धाच दिसत होता.

त्या गाडीच्या खिडकीला पुढे एक छोटी तिकोनी काच असते आणि तिच्या कडेला उभी दांडी. सीट मागे घेऊन बसणाऱ्याला ती आड येत नाही. पुढे सरकून बसलं, की बरोबर डोळा आणि आरसा यांच्या मधे येते. काळी, बोटभर जाड.

मिस्त्रींच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. आरसा चुकला याचं त्यांना एवढं वाटलं नाही. माणूस आहे, चुकतो. पण ती म्हातारी जे दिसतंय ते खरंखरं सांगत होती, आणि आपण तिला तिच्या मुलादेखत खोटं पाडलं. वर हसलो.

आधी मनात आलं, गुपचूप नवी भोकं पाडावीत, जुनी बुजवावीत, कोणाला काय कळतंय! पण मावशींना तर कळायला हवं होतं. रात्री जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "भोक पाडताना हात अडला नाही, आता तोंड उघडायला काय अडतंय? जा, तिच्या मुलासमोर बोललात ना? मग त्याच्यासमोरच सांगा."

ते गेले. मावशी खिडकीशी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. शिवणयंत्रावर कापड नव्हतं. मिस्त्रींनी सुरुवात केली ती आडवळणानेच. "या गाड्यांची दांडी जरा वाईट असते…"

"म्हणजे गाडीत दोष आहे?" मुलाने विचारलं.

"नाही." मिस्त्री मुलाकडे वळले. "दोष माझा. मावशींना बसवून खूण करायला हवी होती. मी आरसा माझ्याच मापाने बसवला. त्यांना दिसत होतं ते बरोबर होतं. डोळ्यांचं मी बोललो, ते… ते बोलायला नको होतं."

मुलगा खाली बघू लागला. तोही हसला होता. मग उठून त्याने किल्ली आणली आणि आईसमोर ठेवली. मावशी एवढंच म्हणाल्या, "दुसऱ्याच्या मापाने कापड बेतलं असतं ना मी, तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकलं असतं."

दुसऱ्या दिवशी मावशी आपल्या जागी उशीवर बसल्या आणि मिस्त्री बाहेर आरसा धरून उभे राहिले.

"दिसतंय?"

"दिसतंय."

त्यांनी चार बोटं सरकवला. "आता?"

"दिसतंय हो."

मिस्त्रींना शंका आली. त्यांनी आरसा सरळ जमिनीकडे वळवला. "आणि आता, मावशी?"

"छान दिसतंय."

वर्गात ज्याचं एकदा हसं झालंय, ते पोर पुढे सगळ्यालाच 'हो' म्हणतं. चुकण्यापेक्षा ते बरं. मिस्त्रींना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. भोकं बुजवता येतात. हे कसं बुजवायचं?

ते खिडकीपाशी वाकले. "मावशी, आरसा मी जमिनीकडे धरलाय. तुम्ही 'नाही' म्हणेपर्यंत मी ड्रिलला हात लावणार नाही. इथेच उभा आहे."

आणि ते उभे राहिले. खांदा भरून आला. उभ्याउभ्या दुपार कलली. मावशी डोळे बारीक करून पाहत होत्या, ओठ हलत होते.

"नाही," शेवटी त्या पुटपुटल्या.

"काय म्हणालात?" मिस्त्रींनी आरसा पुन्हा सरळ धरला.

"नाही दिसत!" आवाज चढला. "दांडी येतेय मधे. पुढे घ्या. अजून. अहो, एवढं नाही, मागे! कळतंय का तुम्हाला काही?"

"नाही, मावशी," मिस्त्री म्हणाले, "तुम्हीच सांगा," आणि त्यांनी आरसा अर्धं बोट मागे घेतला.