वाळूच्या ढिगावरचं गाव

दीक्षाने उभं केलेलं जग दुसऱ्याच रविवारी कंटाळ्याने मेलं.

आठवडाभर ती साताऱ्यात जमिनी मोजायची. भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक म्हणून नोकरी, त्यामुळे उन्हात यंत्र लावून उभं राहायचं आणि दोन भावांची बांधावरची भांडणं ऐकायची हे रोजचंच. रविवारची दुपार मात्र तिची स्वतःची. त्या दिवशी उदयसिंहच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत चौघं जमायची. उदयसिंह फौजेतून नाईक म्हणून निवृत्त होऊन एमआयडीसीत सुरक्षा सांभाळत होता. पूजा फिजिओथेरपिस्ट होती आणि ऋषिराज कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. वयं सगळ्यांची चाळिशीच्या आसपास, आणि खेळायची काय, तर गोष्ट. एकाने जग रचायचं, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. आपलं माणूस काय करतं ते ज्याने त्याने सांगायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. उदयसिंहची बायको याला मोठ्यांची भातुकली म्हणायची आणि खाली जाऊन मालिका लावायची.

आतापर्यंत राक्षस, खजिने, शापित किल्ले असं सगळं खेळून झालं होतं. या वेळी जग रचायची पाळी दीक्षाची होती आणि तिला काहीतरी वेगळं हवं होतं. एका निर्मनुष्य खोऱ्यात काही माणसं जागी होतात. हातात काही नाही, मागचं काही आठवत नाही, आडनावं नाहीत. डोंगराखाली एक राक्षसीण गाढ झोपलेली आहे आणि मधून वाहते एक नदी, जी दिवसा झोपते आणि संध्याकाळी उठून वाहायला लागते. इथून माणसांनी सगळं पहिल्यापासून उभारायचं. शेती, घरं, कायदे, देव. महिनाभर खपून तिने खोऱ्याचा नकाशा काढला. नकाशा काढणं हे तर तिचं पोटापाण्याचंच काम, त्यामुळे तो देखणा झाला होता.

पण खेळ सुरू झाला आणि उदयसिंहने पहिल्याच वाक्यात कमरेची तलवार उपसली. ऋषिराज प्रधान झाला. पूजाने बाजारपेठ वसवली. दुसऱ्या रविवारी चहा यायच्या आत खोऱ्यात किल्ला, जकात आणि एकमेकांवर टपलेली दोन सैन्यं तयार होती. पूजा हातातला फासा खाली ठेवत हळूच म्हणाली, "अगं, हे सगळं आपल्याकडे आधीपासून आहे की." तिच्या बोलण्यात खोच नव्हती, म्हणून ते दीक्षाला जास्तच लागलं. तिने नकाशाची गुंडाळी केली आणि घरी आली.

पुढच्या आठवड्यात लिंब गावाजवळ एका प्लॉटची मोजणी होती. शेजारी घराचं बांधकाम चाललं होतं आणि रस्त्याकडेला वाळूचा ढीग पडला होता. दोन पोरी त्यात पाय खुपसून, वरून वाळू थापून खोपा करत होत्या. दीक्षाला पलूस आठवलं. अधूनमधून आठवायचंच, पण या वेळी वाळूच्या ओलसर वासासकट आठवलं.

पलूसला त्यांचं घर निळ्या कमानीच्या आतल्या गल्लीत होतं. आबा एसटीत मेकॅनिक, आक्काताई म्हणजे आई अंगणवाडीत. कमानीच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे शंभूराजचं घर. त्याच्या वडलांनी नवीन घर बांधायला काढलं, भिंती उभ्या केल्या, आणि कशाने तरी काम रखडलं. दारातला वाळूचा ढीग तसाच राहिला. दीक्षा, तिचा थोरला भाऊ प्रबुद्ध आणि शंभूराज अशा तिघांनी त्या ढिगावर गाव वसवलं. शाळा सुटली की दप्तरं फेकायची आणि तिथं धावायचं. कौलाच्या तुकड्यांची घरं, चिंचोक्यांची गुरं, काडेपेटीची एसटी. आणि एक नियम. गावात कुणी काहीही नवीन ठेवलं, की बाकीच्यांनी विचारायचं, कुठनं आणलं? मग ठेवणाऱ्याने सांगायचं. घर बांधलंस तर दगड कुठला, दगड फोडला कुणी, त्या माणसाने त्या दिवशी खाल्लं काय. उत्तर सुचलं नाही तर वस्तू उचलायची. एकेका घरासाठी संध्याकाळ सरायची.

यंत्राच्या तिपाईपाशी उभ्या उभ्या दीक्षाला वाटलं, आपल्या खोऱ्यात हाच नियम हवा. बाकीचे नियम मात्र तिला धड आठवेनात. ते प्रबुद्धला माहीत असणार, कारण तो नियम त्यानेच काढला असावा असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

सुट्टीच्या शनिवारी ती सांगलीच्या गाडीत बसली. कुपवाडच्या एमआयडीसीत प्रबुद्धचं छोटं वर्कशॉप होतं, दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन. जेवणाच्या सुट्टीत दोघं पत्र्याच्या सावलीला डबा उघडून बसली. दीक्षाने सगळं सांगितलं. खोरं, राक्षसीण, झोपाळू नदी, तलवारी. प्रबुद्धला खेळातलं फारसं कळलं नाही, पण नदीपाशी तो हसला. म्हणाला, ती तर आपलीच नदी. सुरवातीला भिंतींवर पाणी मारायला गडी संध्याकाळी यायचा, त्या पाण्याचा ओघळ ढिगाखालनं जायचा, तवाच आपल्या गावात नदी यायची. दीक्षा चकित झाली. ही नदी आपण स्वतःच्या डोक्यातून काढली असं ती समजत होती.

मग तिने नियमाचं विचारलं.

प्रबुद्धने भाकरीचा तुकडा मोडला. "त्यो नियम माझा न्हवं," तो म्हणाला. "बनुआत्यांचा."

बनुआत्या म्हणजे शंभूराजची आत्या, बनुबाई. नवरा गेल्यावर माहेरी आलेली. बांधकामाच्या सामानावर राखणीला म्हणून दिवसभर दारात पोतं अंथरून बसायची. फार बोलायची नाही.

"आपण कायबी घिऊन गेलो का ती इचारायची, कुठनं आणलं म्हणून," प्रबुद्ध म्हणाला. "खिळा असू दे, कौल असू दे. तिला वाटायचं आपण त्यांचंच उचलतूय. तुला आन मला इचारायची. शंभ्याला न्हाई."

दीक्षाने हातातला घास डब्यात परत ठेवला. तिने विचारलं, मग मला हे कसं आठवत नाही?

"तू बारकी हुतीस. आन शंभ्यानं ते लगीच मिटवलं." प्रबुद्धच्या चेहऱ्यावर मघाचं हसू पुन्हा आलं. "एक दिवस त्यानं सायकलची घंटी आणून ठिवली, आन आत्यापुढं जाऊन हुबा ऱ्हायला. म्हणला, आत्ती, मलाबी इचार की. ती म्हणली, तुला कशाला इचारू, तू घरातला. त्यो हटंनाच. रडाय लागला. शेवटी तिनं इचारलं. मग ह्यानं ती घंटी कुठनं आणली ते सांगितलं, लय लांबड लावून. त्या दिवसापास्नं सगळ्यांनी सगळ्यास्नी इचारायचं असं झालं."

नंतर तर बनुआत्याही खेळात आली, तो म्हणाला. एका दुपारी तिने ट्रंकेतून एवढंसं दगडी जातं आणलं आणि गावाच्या मधोमध ठेवलं. तिघांनी एका सुरात विचारलं. ती आधी लाजली. मग तिच्या लहानपणीची जत्रा, तिचा बाप, परत येताना नदीला आलेलं पाणी आणि काखोटीला मारलेलं ते जातं, असं सांगत सांगत दिवस मावळला. एवढं बोलताना तिला घरच्यांनीही कधी पाहिलं नव्हतं.

हे जातं दीक्षाला आठवत होतं. त्याच्या खुंट्याला बोट लावून फिरवल्याचंही आठवत होतं. डबा आवरताना तिला कळेना, आपल्याला वाईट वाटतंय की बरं. इतकी वर्षं जपलेली गोष्ट तिच्या हातात तशीच होती, फक्त आता ती जड झाली होती.

तिने विचारलं, पलूसला शंभूकडे जायचं का? प्रबुद्धने वर्कशॉपला कुलूप लावलं. बुधगाव सोडल्यावर रस्त्याला द्राक्षबागा लागल्या. मोटरसायकलवर मागे बसून ती भावाच्या शर्टाला येणारा तेलाचा वास घेत राहिली. आबांच्या शर्टाला असाच यायचा.

शंभूराज आता पोट सुटलेला, ऊस आणि थोडी द्राक्षं करणारा बागायतदार झाला होता. दारात दोघांना बघून त्याने आत वळून चहा टाकायला सांगितलं. बनुआत्या करोनाच्या आधीच गेली होती. भिंतीवर तिचा फोटो होता. फोटोतही ती राखणीला बसल्यासारखीच दिसत होती. घंटीचा किस्सा शंभूराजला अजिबात आठवत नव्हता. त्याला एवढंच आठवत होतं, की वाळू चड्डीत जायची आणि दीक्षा लय मारायची.

"आन स्लॅबचा दिवस," तो म्हणाला. "त्यो आठवतोय."

तो तिघांनाही आठवत होता. काम पुन्हा सुरू झालं आणि एका सकाळी मिक्सर आला. बायकांनी पाट्या भरभरून वाळू उचलली. घरं, गुरं, एसटी, सगळं गाव घमेल्यांतून वर गेलं. तिघंही कट्ट्यावर बसून रडली आणि बनुआत्याने त्यांच्या मुठीत गूळ-शेंगदाणे कोंबले. शंभूराज मान वर करून छताकडे बघत म्हणाला, हितंच हाय बघा ते सगळं. मग तिघंही वर बघत चहा प्यायली. दीक्षाने निघताना त्याला खेळाचं सांगितलं आणि येशील का म्हणून विचारलं. फोनवरनं जमत असेल तर बघू, असं तो म्हणाला.

साताऱ्याला आल्यावर दीक्षाने खोऱ्याचा नवीन नकाशा काढला नाही. रविवारी गच्चीवरच्या खोलीत तिने कोरा कागद अंथरला, नदीची एक रेघ ओढली आणि नियम सांगितला. कुणीही काहीही आणलं तरी कुठनं आणलं ते सांगायचं. यातून कुणाला सूट नाही, जग रचणारीलाही नाही.

उदयसिंहने सवयीने तलवार काढली. लोखंड कुठलं, कोळसा कुठला, भट्टी लावली कुणी, अशा प्रश्नांत दुपार गेली आणि तो एका टोकदार हाडावर आला. झोपायला आडोसा कसा केला म्हणून विचारल्यावर मात्र हा मोजकं बोलणारा माणूस एकदम सुरू झाला. फौजेत असताना डोंगरावरच्या पोस्टवर दगड आणि रॉकेलचे रिकामे डबे रचून त्यांनी बंकर कसा केला होता, डब्यांमध्ये बर्फ भरला की भिंत कशी धरते, मग चपात्या कशावर भाजायचे. पूजाने खोऱ्यात विस्तव आणला. तो तिच्या आजीने शेजारणीकडून नारळाच्या करवंटीत आणला होता, तसाच. ऋषिराजला मीठ हवं होतं आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्या त्याला ते कसं करायचं हे सांगता येईना, तेव्हा सगळ्यांबरोबर तोही हसला. संध्याकाळपर्यंत गावात एक आडोसा, एक चूल आणि एक कच्चं मडकं एवढंच होतं. निघावंसं कुणालाच वाटत नव्हतं.

पुढच्या महिन्यात प्रबुद्ध एकदा कुपवाडहून मोटरसायकल मारत आला, आणि त्याने खोऱ्याला पहिलं चाक दिलं. शंभूराज फोनवरून यायला लागला. त्याला व्हिडिओ कॉल लावून दीक्षाचा मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवायचे. त्याला एकच गोष्ट हवी होती, पाट. झोपाळू नदी उठली की तिचं पाणी पहिल्यांदा कुणाच्या रानात जाणार, यावर खोऱ्यातली पहिली पंचायत बसली. मोजणीवर असली भांडणं रोज ऐकणाऱ्या दीक्षाला त्यात इतकी मजा येईल असं वाटलं नव्हतं.

ऐन मतदानाच्या वेळी शंभूराज म्हणाला, "थांबा रं जरा. लाइट आलीया, पंप लावून उसाला पाणी मोडून येतो."

तो आपला फोन हातात घेऊनच निघाला. डब्याला टेकलेल्या पडद्यावर बांध, त्याची चप्पल, हिरवागार ऊस आणि आभाळ हलत राहिलं. मग पंप सुरू झाल्याचा जोरदार आवाज ऐकू आला आणि सरीत पाणी पळायला लागलं. पूजाने चहाचे कप भरले. मत द्यायची कुणालाच घाई नव्हती. उदयसिंह मात्र पडद्याजवळ सरकला आणि बराच वेळ निरखून त्याने हळूच विचारलं, उसाची जात कुठली म्हणायची ही?