व्हय, राजीखुशीनं

राहू गावच्या मालनबाईंना आठवडाभर घास गोड लागत नव्हता. सगळी धास्ती एका प्रश्नाची. दौंडला जमिनीच्या नोंदणी कचेरीत साहेब विचारणार होते, "जमीन राजीखुशीनं देताय ना?" आणि पोरानं, जालिंदरनं, उत्तर पढवून ठेवलं होतं, "व्हय, राजीखुशीनं." तेवढंच म्हणायचं, वर एक शब्द नाही.

नवरा गेल्यावर रस्त्याकडचा एक एकर मालनबाईंच्या नावावर लागला होता. आतल्या अंगाला विहीर, विहिरीशेजारी मेथी-शेपूचे वाफे आणि राहती खोली. जुड्या बांधून बाई यवतच्या बाजारात बसायच्या. जालिंदर रांजणगावच्या कंपनीत कंत्राटावर. एका एजंटानं त्याच्या डोक्यात फ्लॅटचं खूळ भरवलं होतं. रान विका, फ्लॅट घ्या, दोन वर्षांत भाव डबल. आईनं एकदाच विचारलं, "आन् मी कुठं राहू?"

"तुला काय कळतंय त्यातलं? अंगठा न्हाई दिलास तर समज, मी तुला मेलो."

आईला असं बोलू नये हो. पण बोलतात, आपल्यातुपल्या घरातच बोलतात. त्या दिवसापासून बाई तव्यापुढं बसल्या तरी ते उत्तर घोकत ओठ हलायचे, शेरडाला पाला टाकतानाही तेच. उत्तर चुकलं तर पोरगं जाईल, या भीतीनं त्या जीव मुठीत धरून होत्या.

ठरल्या दिवशी सगळे कचेरीच्या व्हरांड्यात बसले. रान घेणारे चांगदेवमामा मूळचे इनामगावचे, रेल्वेत नोकरी करून दौंडला रिटायर झालेले. उतारवयात पेरूची बाग लावायची त्यांना हौस होती. नंबर यायला वेळ होता, म्हणून त्यांनी सहज विचारलं, "मालनआक्का, चहा घेता का?"

"व्हय, राजीखुशीनं."

जालिंदर मोठ्यानं हसला. मामाही हसले. मग त्यांची नजर बाईंच्या हाताकडं गेली. बोटांनी पदर घट्ट आवळून धरला होता.

"सकाळी जेवलात का?"

"व्हय, राजीखुशीनं."

"आक्का, रान दिल्यावर राहणार कुठं?"

बाईंनी आधी पोराच्या तोंडाकडं बघितलं. "व्हय," त्या कशाबशा म्हणाल्या, "राजीखुशीनं."

आता कुणी हसलं नाही. मामांनी कागद पिशवीत घातले. "जालिंदर, मी आज सही करत न्हाई."

"मामा, इसाराचे पैसे घेतलेत आम्ही तुमचे. आई तयार हाय की. आन् हा आमच्या घरचा मामला हाय."

"घरचा कसा? उद्या त्या रानात मी राबणार. माझ्या आईचा अंगठा असाच घेतला हुता चुलत्यांनी. आधी दे, मग सांगतो म्हणले. म्हातारी मरस्तवर तो हात पदराखाली झाकून बसायची. भिऊन दिलेला होकार म्हंजी होकार न्हवं, बाबा. कायदा त्याला धरत न्हाई, आन् धरला तरी मला त्या रानातला पेरू गोड लागायचा न्हाई."

जालिंदरचं डोकं सणकलं. तो उठून आईपुढं उभा राहिला. "आये, सांग ह्यांना. मी कवा हात उगारला का तुझ्यावर?"

बाई मागं सरकून भिंतीला टेकल्या. ते बघून जालिंदर जागीच थबकला. लहानपणी अंधारात ज्या आईचा पदर धरून तो परसाकडं जायचा, ती आई त्याला भीत होती!

"न्हाई रं उगारलास," त्या पुटपुटल्या. "पण मेलो म्हणलास. मारलं असतंस तर परवडलं असतं."

जालिंदर मटकन खाली बसला. त्याला स्वतःचीच भीती वाटली, लाजही वाटली. त्यानं खाली बघतच विचारलं, "आये, तुझ्या मनात काय हाय?"

भीती अशी लगेच जात नसते. बाईंनी पदर तसाच आवळून धरला. मग म्हणाल्या, "रस्त्याकडची अर्धी दे. तुझ्या फ्लॅटला हातभार व्हईल. विहिरीकडची माझी, मी हाय तवर. विचारलं असतंस तर तवाच सांगितलं असतं की."

मामांनी मान डोलावली. अर्ध्यात त्यांची बाग मावत होती.

महिन्याभरानं नव्या कागदानिशी सगळे पुन्हा त्याच कचेरीत आले. साहेबांनी विचारलं, "राजीखुशीनं देताय ना?"

बाईंचा आवाज अजूनही कापत होता, पण शब्द पढवलेले नव्हते. "थांबा साहेब. आधी काय लिवलंय ते वाचून दाखवा. विहीर कुणाच्या नावावर लिवलीय?"

साहेबांनी सगळं वाचून दाखवलं. मग बाईंनी अंगठा दिला.

मंडळी, व्यवहाराआधी आपण सातबारा बघतो, हद्दी मोजतो, वकील गाठतो. ज्याचा अंगठा घेतो, त्याच्या तोंडाकडं बघतो का? आई, बहीण, बायको 'हो' म्हणाली एवढ्यानं भागत नाही. तिला 'नाही' म्हणायची सोय होती का, ते बघा. 'नाही' म्हणायची जिथं धास्ती, तिथला 'हो' म्हणजे लुबाडणूकच. म्हणून तिला विचारा, आणि विचारायच्या आधी एवढं सांगा, की तू नाही म्हणालीस तरी संध्याकाळी मी तुझ्याच हातची भाकरी खाणार आहे.